आधी त्याचं सांग, मग तुझं

प्रा. महानंदा तोळणुरे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या ह्या ग्रंथात मी लिहावं, असं संपादक मंडळानं सुचवलं तेव्हा मी जागच्या जागी हो म्हणालो. घरी येऊन कागद पुढ्यात घेतला, आणि बाईंविषयी मला नक्की काय वाटतं तेच सांगता येईना. आदर आहे, त्यात प्रश्नच नाही. पण वीस वर्षांपूर्वी माझी सगळी मतं पक्की होती, आज त्यांतलं जेमतेम एखादं जागेवर आहे, आणि ह्याला सर्वस्वी बाई जबाबदार आहेत. अशा व्यक्तीचा गौरव करायचा की तिला जाब विचारायचा, ह्या गोंधळातच मी हा लेख लिहायला बसलो आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

बाईंची माझी पहिली भेट मी एम.ए.ला आलो त्या वर्षीची. मी करकंबचा. वडिलांचं बाजारात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात येणारी चार पत्रकं वाचून माझी अशी समजूत झाली होती, की क्रांती अडली आहे ती केवळ मी अजून सोलापूरला पोचलो नाही म्हणून. विभागाच्या फळ्यावर बाईंच्या अक्षरात सूचना होती: शनिवार-रविवार डावी चर्चा, येताना स्वतःचं मत आणि ताट-वाटी आणावी. मत मी गरजेपेक्षा जास्त आणलं. ताट विसरलो.

पहिल्याच सत्रात एक वयस्क समाजवादी बोलले. ते खाली बसायच्या आत मी उभा राहिलो आणि हे सगळं भंपक आहे असं जाहीर करून टाकलं. दाराजवळच्या खुर्चीत इरकली नेसलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "आधी त्यांचं सांग, मग तुझं. काय म्हणाले ते?"

मला सांगता येईना. मी ऐकलंच नव्हतं. बाई रागावल्या नाहीत, सभागृहात कुणी हसलंही नाही, आणि म्हणूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी जेवणाच्या रांगेत मी नुसताच हात हलवत उभा होतो, तेव्हा बाईंनी आपलं ताट माझ्या हातात दिलं. माझं जेवून, घासून झाल्यावर त्याच ताटात त्या जेवल्या. हे त्यांनी पुढं कधी बोलून दाखवलं नाही. मी मात्र तेव्हापासून दरवर्षी दोन ताटं नेतो.

ह्या चर्चेविषयी बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. थंडीतल्या एका शनिवार-रविवारी आमच्या विद्यापीठात साम्यवादी, समाजवादी, जातिअंतवाले, स्त्रीवादी, आणि एकमेकांचं तोंड न बघणारे लाल झेंड्याचे तीन-चार गट एकाच सतरंजीवर बसतात. ही किमया बाईंची. निवृत्तीनंतरही विभागानं हे काम त्यांच्याच हाती ठेवलं. कार्यक्रमाचं छापील नाव लांबलचक आहे, पण गावात सगळे त्याला बाईंचं भांडण म्हणतात. "यंदा भांडण कधी?" असं लोक लग्नाची तारीख विचारावी तसं विचारतात. नियम एकच. आधीच्या वक्त्याचं म्हणणं तुम्ही सांगायचं, तो व्हय म्हणाला तरच पुढं स्वतःचं मांडायचं. तो न्हाय म्हणाला तर पुन्हा सांगायचं. बाई दाराजवळ बसतात त्याचंही कारण आहे. पूर्वी चिडून निघून जाणारे बरेच असत, त्यांना दंडाला धरून परत बसवायला ती जागा सोयीची पडायची.

हा नियम कुठल्या ग्रंथातला, असं मी एकदा विचारलं होतं. तो कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीच्या बाजारातला निघाला. बाईंचे वडील तिथं धान्याचे व्यापारी होते. बाजारात दोघांचं वाजलं की लोक त्यांच्याकडे यायचे. एक कन्नड बोलणारा, एक मराठी बोलणारा, दोघंही तावातावात. वडील कन्नडवाल्याला सांगायचे, ह्याची तक्रार काय ती तू मराठीत सांग. मराठीवाल्याला सांगायचे, त्याची तू कन्नडात सांग. निम्म्या भांडणांना मग पुढं काही उरायचंच नाही. उरलेली निम्मी खरी भांडणं असायची, आणि ती मात्र जोरात व्हायची. बाईंना ह्या दुसऱ्या निम्म्यात जास्त रस होता असं मला वाटतं.

बाई हा नियम फक्त आपल्या माणसांपुरता ठेवत नसत. एका वर्षी परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी सभागृह नाकारलं. मी मोर्च्याची भाषा सुरू केली होती. बाई मला घेऊन थेट त्यांच्या केबिनमध्ये गेल्या आणि खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, की साहेब, तुमची अडचण आधी मी सांगते, चुकलं तर सांगा. कुणीतरी भडक बोलणार, ते मोबाइलवर फिरणार, वरून फोन येणार, आणि आम्ही चहा पिऊन घरी गेलेलो असू, उत्तर मात्र तुम्ही एकटे देत बसणार. साहेबांनी हातातली फाईल मिटली. मग म्हणाले, सगळे मला नुसतं भित्रा म्हणून जातात, एवढं कुणी विचारात घेतलं नव्हतं. सभागृह मिळालं. रविवारी साहेब स्वतः मागच्या रांगेत येऊन बसले. आता ह्या माणसाला शत्रुपक्षात धरायचं की नाही, हे मला त्या दिवशी कळलं नाही, आजही कळत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर हा लेख मी सरळ लिहिला असता. पण गेल्या वर्षी जे झालं ते सांगितल्याशिवाय बाईंचा गौरव करणं म्हणजे लबाडी होईल.

व्यंकटेश माझा एम.ए.चा वर्गमित्र. सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा. त्याची आई यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. मी कामगारांचा वकील झालो, आणि पुढं त्याच कारखान्यात आमच्या युनियननं संप केला. पुढारी मी. संप मोडला, मालकानं कारखाना बंद केला, माग भंगारात गेले. व्यंकटेशनं मग बेकार झालेल्या बायकांना घेऊन शाळेचे गणवेश शिवण्याची सहकारी संस्था काढली. मी एका सभेत म्हणालो, की व्यंकटेश आता मालक झाला. टाळ्या पडल्या. तेव्हापासून आठ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सात रस्ता चौकात तो समोरून येताना दिसला की उरलेल्या सहांतला एखादा रस्ता मी धरायचो.

गेल्या वर्षी बाईंचे गुडघे फार दुखत होते, म्हणून जुळवाजुळव माझ्याकडे आली. वक्त्यांची यादी मी केली, त्यात व्यंकटेशचं नाव घातलं नाही. बाईंनी यादी वाचली, पेन घेऊन त्याचं नाव पहिल्या सत्रात लिहिलं आणि त्याच्या खाली माझं.

शनिवारी व्यंकटेश बोलला. मी उठलो. हातात चौदा पानांचं उत्तर तयार होतं. नियम पाळायचा म्हणून घाईघाईनं सांगितलं, की संपानं काही साधत नाही, म्हणून संस्था काढावी असं ह्यांचं म्हणणं आहे. बाईंनी व्यंकटेशकडे पाहिलं. तो न्हाय म्हणाला. मी सांगितलं, क्रांतीची वाट बघण्यापेक्षा आहे त्यात सुधारणा करावी, असं ते म्हणतात. तो म्हणाला, न्हाय, हे तू कुठंतरी वाचलेलं सांगायलास, मी असलं म्हणलो न्हाय. तिसऱ्यांदा मी कोर्टात मांडतो तसं मुद्देसूद, लांबलचक मांडलं. त्यालाही न्हायच.

जेवणाची वेळ होऊन गेली. स्वयंपाकाच्या मावशी दोनदा डोकावून गेल्या. कडक भाकरीला काही होत नाही, पण आमटी गार होत होती. विभागातली मुलं चुळबुळ करायला लागली. कुणीतरी सुचवलं की हे राहू द्या, पुढं जाऊ. बाई जागच्या हलल्या नाहीत. मी चिडलो. व्यंकटेशला म्हणालो, मग तूच सांग की परत.

"मी सांगितलं की," तो म्हणाला. "तू लिवत बसला हुतास."

खरं होतं. तो बोलत असताना मी माझ्या उत्तरात भर घालत होतो. बाई एवढंच म्हणाल्या, "कागद खाली ठेव. त्याच्याकडं बघून सांग."

मी पानं खाली ठेवली आणि आठ वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. कानशिलं पांढरी झाली होती. त्याच्या बोलण्यातलं पहिलंच वाक्य तेव्हा मला ऐकू आलं, संप मोडला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून बघा, असं तो म्हणाला होता, आणि त्यामागोमाग बाकीचंही आठवत गेलं. मग मी जे बोललो ते मला शब्दशः आठवतं.

"संप चुकला असं व्यंकटेश म्हणत नाही. त्याची आई स्वतः संपात होती. कारखाना बंद झाला, आणि आम्ही झेंडा घेऊन दुसऱ्या कारखान्याच्या गेटवर गेलो. त्या बायकांच्या दारात परत कुणी गेलं नाही. मी गेलो नाही. संस्था म्हणजे क्रांती, असंही तो म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी त्या बायकांजवळ कोण होतं, एवढंच तो विचारतो."

व्यंकटेशनं मान हलवली. मग म्हणाला, "व्हय. आता बोल तुझं."

चौदा पानं माझ्या पायाशी पडली होती. त्यांतलं एक वाक्य मला आठवेना. मला काही सुचत नाही असं सांगून मी खाली बसलो, आणि बाई म्हणाल्या, जेवायला चला. ताट घेऊन व्यंकटेश माझ्या शेजारी येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, वडील बरे हायेत की? माझे वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एम.ए.च्या दिवसांत तो करकंबला आमच्या दुकानात वडिलांशी तासन् तास गप्पा मारत बसायचा. त्याच्या हातातला घास तसाच राहिला. मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

आज माझी अवस्था विचाराल तर अवघड आहे. गणवेश शिवून व्यवस्था उलथत नाही, हे माझं मत कायम आहे. तरी दर गुरुवारी मी व्यंकटेशच्या संस्थेत जाऊन त्यांचे कायद्याचे कागद बघतो. त्याची आई मला तेलुगूत काहीतरी सुनावते आणि चहा देते. युनियनमधले सहकारी विचारतात, तू नक्की कुणाच्या बाजूनं? मी बाईंनाच विचारलं, की वीस वर्षांत तुमची बाजू कुठली ते कुणाला कळलं नाही, निदान मला तरी सांगा. त्या म्हणाल्या, माझं काय विचारतोस, तुझं तू बघ की. झालं. एवढीच मदत.

आता ह्या ग्रंथाविषयी. बाईंचा त्याला विरोध होता, आहे. तेव्हा नियमानुसार त्यांचा विरोध आधी त्यांना पटेल असा सांगणं, मगच गौरव करणं, हे माझं कर्तव्य ठरतं. त्यासाठी मी त्यांच्या घरी तीनदा गेलो. पहिल्यांदा म्हणालो, तुम्ही साध्या आहात, तुम्हाला मानपान आवडत नाही. बाई म्हणाल्या, न्हाय, लई आवडतो की, हार कुणाला नको असतो? दुसऱ्यांदा म्हणालो, व्यक्तिपूजा आपल्या विचारात बसत नाही. न्हाय, हे पुस्तकातलं झालं. मागच्या आठवड्यात तिसऱ्यांदा गेलो आणि सांगितलं, की एकदा गौरव झाला की त्या माणसाशी कुणी भांडत नाही. उद्या तुम्ही चुकीचं बोललात तरी सगळे माना डोलावतील, आणि तुमच्याच भांडणात तुमच्याशी भांडायला कुणी उरणार नाही, ह्याची तुम्हाला भीती वाटते.

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, जमलं.

"जवळ आलास," त्या म्हणाल्या. "पण भीती न्हाय ती. पुन्हा ये."

मी पुन्हा जाणार आहे. पण छपाई थांबणार नाही, म्हणून हा लेख तसाच पाठवतो आहे. ज्यांचं म्हणणं मला अजून धड सांगता आलेलं नाही, त्यांच्याविषयी स्वतःचं मत मांडून मी त्यांचाच नियम मोडतो आहे, ह्याची नोंद असावी. बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावं असं ह्या ग्रंथात प्रत्येक जण लिहील, आणि मनापासून लिहील. माझ्या इच्छेत मात्र स्वार्थ आहे. माझ्या ऐकण्याची गती बघता, त्यांचं म्हणणं बरोबर सांगायला मला अजून पंचवीस वर्षं तरी लागतील. तेवढी वर्षं गुडघे न दुखता त्यांनी दाराजवळच्या त्या खुर्चीत बसावं, आणि मी चुकलो की न्हाय म्हणावं.