मामींच्या झोपेची वेल

आयुष्यात बिअरचा थेंबही न चाखता बिअरच्या वेलींवर पोटच्या पोरींसारखी माया करणारा माणूस अख्ख्या बंगळुरात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. हे चारचौघांत अभिमानाने सांगावं की दबक्या आवाजात, ते माझं अजून ठरलेलं नाही. मामा सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. होमिओपॅथीच्या गोळ्यासुद्धा ते आधी पंख्याखाली वाळवून घेतात, कारण त्यांवर अल्कोहोल शिंपडलेलं असतं. अशा माणसाच्या यशवंतपूरच्या गच्चीवर हॉप्सच्या तीन जाती नांदतात. हॉप्स म्हणजे जिच्या फुलांनी बिअरला कडवटपणा येतो ती वेल. 'बिअर हा तिचा दुरुपयोग आहे, जावईबापू,' असं मामा मला सांगतात, आणि सूर असा लावतात की जणू चांगल्या घरच्या मुलीला वाईट संगत लागली आहे.

मुळात हा सगळा खटाटोप मामींच्या झोपेसाठी. लेक लग्न होऊन कॅनडाला गेली आणि मामींची झोपही तिच्याबरोबर गेली. इथे रात्र झाली की तिथे दिवस उजाडतो. पोर ऑफिसला पोचली असेल का, वेळेवर जेवली असेल का, या काळजीत मामी टक्क जाग्या. डॉक्टरांच्या गोळ्यांनी गुंगी यायची ती दिवसा. मग मामांच्या वाचनात आलं की हॉप्सची वाळलेली फुलं उशीत भरली की झोप लागते. दुसऱ्या कुणी वाळलेली फुलं विकत आणली असती. मामांनी मुळं मागवली, तीही तीन वेगवेगळ्या जातींची, कारण नेमक्या कोणत्या जातीने झोप येते हे त्यांना शास्त्रशुद्ध पद्धतीने ठरवायचं होतं.

त्या वेलींचे लाड काय वर्णावे! त्यांना थंडीत निजायची सवय, म्हणून डिसेंबरात मुळं फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या शेजारी. एकदा मामींनी आलं समजून त्यातला एक तुकडा चहात किसला. तो चहा मी प्यालो. मला काही झालं नाही, पण मामा बरेच दिवस माझ्याकडे खुनी माणसाकडे बघावं तसं बघत होते. त्यांच्या मूळच्या थंड मुलखात उन्हाळ्यात दिवस लांब असतो, म्हणून संध्याकाळ झाली की गच्चीवर दिव्यांच्या माळा लागायच्या आणि रिक्षावाले लग्नघर समजून वेग कमी करायचे. या वेली दोरीवर चढतात त्या नेहमी डावीकडून उजवीकडे, प्रदक्षिणा घालाव्या तशा. एकदा मी मदत म्हणून एक शेंडा उलटा गुंडाळला, तर मामांनी तो हळुवारपणे सोडवला आणि म्हणाले, 'ती संस्कारी आहे, तिला भलतं शिकवू नका.'

यंदा श्रावणात एकदाची फुलं आली. हिरवी, खवल्याखवल्यांची, बोटाच्या पेराएवढी. तिन्ही जातींचा वास निराळा: कास्केडला लिंबाच्या सालीचा, फगलला ओल्या मातीचा, साझला वाळल्या गवताचा. मामा ओंजळभर फुलं घेऊन खाली आले तर मामींनी नुसती मान हलवली. 'दारूचं फूल मी उशाला घेणार नाही. निजले नाही तरी चालेल.' मामा वर गेले आणि पाणी घातलेल्या वेलींना पुन्हा पाणी घालत बसले. मी त्यांना असं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं.

आणि मग गौरी आल्या. शेजारच्या अक्कांचं घराणं इतक्या पिढ्या इथलं, की त्यांची मराठी अर्ध्या वाटेवर कानडी होते. देवासाठी कुणाच्याही कुंपणातली फुलं तोडायला त्यांच्या गल्लीत कुणी परवानगी मागत नाही. अक्का पूजेच्या सकाळी सरळ मामांच्या गच्चीवर गेल्या आणि खाली येऊन त्यांनी अबोली घालून दोन घसघशीत हार गुंफले. मामी पुरणात अडकलेल्या. हार गौरींच्या गळ्यात पडले तेव्हा अक्का कौतुकाने म्हणाल्या, 'वहिनी, वर हिरवी फुलं किती चांगली होती की! मरव्यागत वास येतोय बघा. स्वल्प ठेवली, बाकी सगळी आणली.' मामींनी कपाळाला हात लावला, पण देवीच्या गळ्यातलं काढणार कोण? मामा दारात उभे होते. 'तिन्ही जाती एकाच दोऱ्यात,' ते माझ्या कानाशी पुटपुटले, 'प्रयोग संपला, जावईबापू.'

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका जमल्या आणि गौरींशेजारी भिंतीला टेकून बसलेल्या मामींची मान एकदम खाली गेली. हातातला करंडा कलंडला. 'अय्यो, वहिनी!' अक्का ओरडल्या. मामा धावत आले, त्यांनी नाडी धरली, आणि तेवढ्यात मामींनी एक लांबलचक, तृप्त घोरणं सोडलं. 'घोरतेय!' मामा म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. माझाही जीव भांड्यात पडला. उरलेलं हळदीकुंकू अक्कांनी कुजबुजत पार पाडलं. हा फुलांचा गुण की पुरणाचा शीण, ते गौरीच जाणोत.

विसर्जनानंतर मामींनी ते हार स्वतः उतरवले, वाळवले आणि उशीत भरले. 'आता ते दारूचं फूल नाही, गौरीचा प्रसाद आहे,' एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून त्या रात्रभर झोपतात. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, आणि परवा चक्क माझ्या चहात साखर जास्त घालते म्हणून माझ्या बायकोला रागावल्या.

गेल्या रविवारी बेळ्ळंदूरचा ट्रॅफिक पार करून मी मामांकडे गेलो, तर ते गच्चीवर दोऱ्या सारख्या करत होते. चेहरा ओढलेला, डोळे लाल. मी म्हटलं, 'मामा, पुढच्या वर्षी एक उशी तुमच्यासाठीही करा.' त्यांनी एक शेंडा उजवीकडे वळवून दिला आणि हसले.

'ती मध्यरात्री विचारायची, अहो, जागे आहात का? आता विचारत नाही,' ते म्हणाले. 'झोपते, ते उत्तमच. पण तिथे पोरीचा दिवस चालू असतो हो. घरातलं कुणीतरी जागं नको?'