रिकाम्या खोलीचा अभ्यास

उपेंद्र गायधनी वीज मंडळातून निवृत्त झाले, तोवर कलेशी त्यांचा संबंध भिंतीवरच्या कॅलेंडरापुरता होता. त्यांची मुलगी आभा मात्र बडोद्याला कला शिकायला गेली, आणि शेवटच्या वर्षी तिने प्रदर्शनात मांडली काय, तर एक रिकामी खोली. छताला स्पीकर, आणि त्यातून एक माणूस थोड्या थोड्या वेळाने म्हणायचा, "जेवलीस का? बरं, ठेवतो."

उपेंद्रराव नवा शर्ट घालून गेले होते. त्यांनी चारी भिंती पाहिल्या, पंखासुद्धा पाहिला, आणि आभाच्या सरांसमोरच विचारलं, "चित्र कुठाय? आणि हा कोण माणूस सारखी जेवणाची चौकशी करतोय?"

आभाचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून तिचे फोन फक्त आईला येऊ लागले. उपेंद्ररावांपर्यंत पोचायची ती नुसती खुशाली, तीही शिळी.

लेकीशी पुन्हा बोलायचं तर तिची भाषा शिकायला हवी, असं त्यांनी मनाशी घेतलं आणि गंगापूर रोडवर लतिकाबाईंच्या वाचन मंडळात नाव नोंदवलं. तिथे दर रविवारी संकल्पनात्मक कलेच्या सिद्धांतांवरचा एक जाडजूड ग्रंथ वाचत. वाचत म्हणजे पोथी वाचतात तसा. लतिकाबाई अध्याय वाचायच्या, बाकीचे डोळे मिटून माना डोलवायचे, आणि अध्याय संपला की मिसळ. उपेंद्रराव त्र्यंबकच्या भिक्षुकी घराण्यातले, त्यांना ही रीत नवी नव्हती. फक्त इथल्या प्रसादात कांदा-लसूण होता. एकदा त्यांनी "म्हणजे काय?" असं विचारलं, तेव्हा विश्वेश नावाच्या आर्किटेक्टने इतक्या दयेने पाहिलं, की पुढे त्यांनी तोंड उघडलं ते मिसळीसाठीच.

वर्षभरात मात्र गडी तयार झाला. "वस्तूपेक्षा कल्पना मोठी," असं ते बायकोला भाजी निवडता निवडता ऐकवू लागले.

"मग आज भाजीची कल्पनाच वाढते," मोहिनीबाई म्हणाल्या.

ग्रंथ संपला, पुरणपोळ्यांचं रीतसर उद्यापन झालं. त्या दिवशी धीर करून उपेंद्ररावांनी मंडळाला आभाच्या खोलीचा व्हिडिओ दाखवला. लतिकाबाईंना त्यात पाळत ऐकू आली, विश्वेशला पितृसत्ता. आवाज कोणाचा, हे कुणी विचारलं नाही. उपेंद्ररावांनी दोन्ही मुद्दे पाठ केले, घरी आले, घोटभर पाणी प्यायले आणि आभाला फोन लावला.

"बोला," ती म्हणाली.

वर्षभर घोकलेलं सगळं ओठांवर होतं. तोंडातून निघालं ते, "जेवलीस का?"

आपण काय बोललो आणि कोणत्या सुरात बोललो, ते उपेंद्ररावांनी पहिल्यांदा ऐकलं.

"आभा," ते चाचरत म्हणाले, "तो माणूस मी होतो?"

"रोज तेवढंच विचारायचात, बाबा. मी ते रेकॉर्ड करून जपून ठेवलं होतं." ती म्हणाली. "आणि तुम्ही विचारलंत, हा कोण."

उपेंद्ररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाळत आणि पितृसत्ता त्यांनी तशीच गिळून टाकली. आता सवयीप्रमाणे पुढचं वाक्य येणार, ते दोघांनाही पाठ होतं.

"ठेवत नाही," उपेंद्रराव म्हणाले. "काय जेवलीस, ते सांग."