कुलूपबंद घरांचे दिवे

देवळातले तेलाचे डाग आणि आमच्या समितीचे किस्से, दोन्ही कितीही घासा, निघत नाहीत! राणीसावरगावाजवळच्या आमच्या गावात त्रिपुरी पौर्णिमेला महादेवापुढं घरटी एक दिवा आणि छप्पन पदार्थांचा नैवेद्य असतो. मी समितीचा चिटणीस. म्हणजे मीटिंगला सतरंजी अंथरणारा.

दिवा घरच्याच माणसानं लावायचा, हा जुना नियम. पण तोवर निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं. यंदा अकरा घरं तर पार कुलूपच लावून गेली आणि जाताना दिव्याचं तेल गयाकाकूकडं देऊन गेली. म्हातारीनं शब्द दिला, "दिवे लागतेल. बिनघोर जा." तेव्हापासून सगळा घोर तिलाच.

*

नैवेद्यासाठी आम्ही ग्रुपवर मेसेज टाकला, "प्रत्येक घरानं एक गोड पदार्थ आणावा." एकोणीस घरांतून शिरा आला! गुरवमामांनी एकेक झाकण उघडून बघितलं आणि म्हणाले, "देवाचे दात पडले का काय रे?"

*

छप्पन काही भरेनात. तेवढ्यात पंचफुलावहिनींनी वाटीभर ठेचा आणून ठेवला. अध्यक्ष अंगदराव तापले, "महादेवाला ठेचा?"

"अवो भावजी, सगळ्या जगाचं इख पचवलंय त्यानं. चार मिरच्यांनी काय हुतंय!"

ठेचा गाभाऱ्यात गेला.

*

सहाला दिवे लावायचा मेसेज सोडला. दहा मिनिटांत ग्रुपवर चाळीस दिवे! देवळात येऊन बघतो तर चार. अंगदरावांनी व्हॉइस मेसेज टाकला, "मोबाईलमधी तेल वतायलाव का? निघा घरातून!"

मग गाव धावत आलं. गयाकाकू मात्र दुपारपासूनच पायरीवर बसली होती, मांडीवर पणत्यांचं सूप घेऊन. "लावू का?" असं तिनं विचारलं की अंगदरावांचं एकच, "बघू काकू." मला लय वाईट वाटत होतं, पण सतरंजीवाल्याचं ऐकतंय कोण?

*

सगळ्यांचे दिवे लागले तशी काकू उठली. अंगदराव आडवे आले. "काकू, नियम म्हंजे नियम. हात घरचाच पायजे."

काकू थांबली. "ह्या अकरा घरातले कर्ते माझ्याच हातावर जल्मले. तवा दवाखाना लांब, गावात सुईण मी एकटी. अंगदा, तुझी नाळ बी मीच कापली. तुझा बाप उसावर होता. त्या दिशी कुणी इचारलं न्हाई, हात घरचा हाय का म्हणून."

 अंगदराव बाजूला सरले.

काकूनं एकेका घराचं नाव घेत अकरा दिवे लावले. सुपात एक पणती उरली.

"ही माझ्या घरची," असं म्हणून तिनं काडीपेटी अंगदरावांच्या हातात दिली. "मला लेकरूबाळ न्हाई. लाव तू."