बाबांच्या स्कूटरचा नवा दिवा
सोल्डरिंगचा वास आला की मला इंदरगंजातलं ते गॅरेज आठवतं. ‘संध्याकाळी दिसत नाही रे,’ असं बाबा वर्षभर म्हणत होते आणि मी त्यांच्या जुन्या स्कूटरच्या दिव्यालाच दोष देत होतो. शेवटी एलईडी बसवून घेतला. मिस्त्रीने बटण दाबताच समोरची भिंत लख्ख उजळली. “अब सब दिखेगा, बाबूजी!” बाबा बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग मला हळूच म्हणाले, “पहिल्याइतकाच आहे रे उजेड.” त्यांनीच किल्ली माझ्या हातात दिली, मागे बसले आणि घरापर्यंत माझा खांदा घट्ट धरून राहिले. काचबिंदू निघाला, तोवर उशीर झाला होता. आता मी त्यांना रोज पेपर वाचून दाखवतो. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, आणि तेच सहन होत नाही.