नातीला काय म्हणायचं होतं?

आज रविवार. काल परळीत पत्नीचा तेरावा झाला, सकाळी पाहुणे गेले.

संध्याकाळी कॅनडाहून नातीचा व्हिडिओ कॉल आला. आठ वर्षांची आहे, मराठी येत नाही. तिच्याशी बोलता यावं म्हणून आम्ही दोघं साठीत इंग्रजी शिकत होतो. मी पाठ केलेलंच बोलायचो. ही हसायची, “आवो, पोरीसंग बोलताय का परीक्षा देताय?” आणि फोन घ्यायची.

आज नात रडत खूप बोलली. मला फक्त ‘आजी’ कळलं. घाबरून मी पाठ असलेलं विचारलं, “व्हॉट डिड यू ईट?” ती उठून पडद्याबाहेर गेली.

रडणाऱ्या लेकराला काय म्हणायचं, ते आमच्या पुस्तकात नाही. या वयात आता येईल असंही वाटत नाही. तुमच्यापैकी कुणाला येतं का?

फोन ठेवून एकट्यापुरती खिचडी टाकली.