हळद-मीठ लावलेलं काळीज

जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत डॉक्टर पद्मजाताईंकडे तपासणीला अवयव येतात, आणि ते हमखास चुकीच्या रीतीनेच येतात. मांजरी गावच्या सरुबाईंनी तर कमालच केली. मेलेल्या शेळीचं काळीज डॉक्टरीणबाईंकडे तसंच घाण कसं न्यायचं, म्हणून त्यांनी ते लख्ख धुतलं आणि नासू नये म्हणून वरून हळद-मीठ चोळलं. डबा उघडून हाताखालचा रोहन म्हणाला, की हे तपासणीला नाही, फोडणीला आलंय.

पद्मजाताईंनाही हसू आलं. पण बाहेर बाकावर बसलेल्या सरुबाईंचा चेहरा त्यांनी पाहिला होता. धडधाकट शेळ्या एकाएकी मरत होत्या आणि उरलेल्यांनी माना टाकल्या होत्या. लेंड्यांत जंताचं एकही अंडं सापडलं नाही, म्हणून गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी जंतांचा विषयच मिटवला होता. मग औषध द्यायचं तरी कशावर?

ताईंना संशय होता पानासारख्या चपट्या यकृतकृमींचा. कालव्याकाठच्या ओल्या गवतातून ते शेळ्यांच्या पोटात जातात. कोवळे असताना काळीज पोखरतात, पण अंडी घालायचं त्यांचं वय झालेलं नसतं. लेंड्यांत दिसणार कुठून?

असा नमुना परत पाठवायचा, हा नियम. ताई एरवी नियमाला एक नंबरच्या खडूस. त्या दिवशी मात्र त्यांनी हातमोजे चढवले. मीठ वरवर लागलं होतं, आत मुरलं नव्हतं. त्यांनी काळजाचे पातळ काप केले, कोमट पाण्यात एकेक पिळला आणि ते पाणी बारीक चाळणीतून गाळलं. गाळ काळ्या ताटलीत पसरला. काहीच नाही. रोहन जेवायला निघून गेला. ताईंनी मधल्या भागाचे काप पुन्हा पिळले, आणि ताटलीत चिमुकली, फिकट पानं तरंगली.

ती ताटली घेऊन त्या स्वतः बाहेर आल्या.

"ह्येच खात हुतं व्हय?" सरुबाईंनी विचारलं. "आता बाकीच्या जगत्याल का वं?"

रिपोर्ट मिळेल, यापलीकडे ताई कधी कुणाला शब्द देत नसत.

"जगतील," त्या म्हणाल्या. मग तिथल्या डॉक्टरांना फोन करून कोवळ्या कृमींवर चालणारं औषध त्याच दिवशी द्यायला लावलं.

पुढच्या आठवड्यात सरुबाईंचा फोन आला. त्या दिवशी कर्वेनगरच्या घरी जेवताना ताईंनी काळीज पिळण्यासकट सगळी हकीकत सांगितली. वरणभातापलीकडचं जग न पाहिलेले सासरे, गोपाळकृष्ण, घास हातात धरून ऐकत राहिले.

"सूनबाई, नंतर एकही दगावली नाही?"

"एकही नाही," ताई म्हणाल्या, आणि आवाजातला अभिमान त्यांनी जराही झाकला नाही.