कोपरा फाटलेलं कार्ड

मंगळवारी सुमनआत्याला घेऊन मुंबईला गेले होते, एका विद्यापीठाच्या अभिलेखागारात. आमच्याच आजोबांचे कागद बघायला... आणि त्यासाठी माझ्याकडे मी संशोधक असल्याचा पुरावा मागितला!

आजोबा शहापूर तालुक्यात, डोळखांबकडे शाळामास्तर होते. धर्मांतरानंतर आसपासच्या बौद्धवाड्यांत सभा व्हायच्या, त्यांची इतिवृत्तं, पत्रव्यवहार, सगळं त्यांनी शाळेतल्या एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी आम्हीच ती पेटी विद्यापीठाला दिली. शहापूरला टेम्पोत चढवताना माझं बोट चेमटलं होतं, म्हणून नीट लक्षात आहे.

मागच्या महिन्यात त्या कागदांची यादी वेबसाइटवर आली. सहज चाळत होते आणि एका ओळीवर अडकले. 'पोस्टकार्ड, एक. मुरबाड तालुक्यातून परत आलेले. कोपरा फाटलेला, स्थिती खराब.'

आत्याचं सासर सिद्धगडाच्या पायथ्याशी, मुरबाड तालुक्यात. तिचं नवीन लग्न झालेलं असताना तिची आई, म्हणजे माझी आजी, गेली. आत्याला ते कळलं पंधरा दिवसांनी, तेही मुरबाडच्या बाजारात भेटलेल्या गाववाल्याकडून. आजोबा शेवटपर्यंत म्हणत राहिले की मी कार्ड टाकलं होतं. आत्याने ते कधीच मानलं नाही. "अख्ख्या गावाची पत्रं लिहायचा, नि माझंच तेवढं पोचलं नाय?" असं म्हणत तिने माहेरी येणंच सोडलं. आता ती ब्याऐंशीची आहे, आणि यादीतली ओळ वाचून दाखवल्यापासून तिने माझ्यामागे एकच धोशा लावला होता... ते कार्ड मला बघायचंय.

तर काउंटरवर फॉर्म. संशोधनाचा विषय काय? मी लिहिलं, 'आजोबा'. गाईडचं पत्र? नाही. कागद आम्हीच दिलेत हो, असं चार वेळा सांगितल्यावर 'देणगीदार' असा एक वेगळा फॉर्म निघाला! पेन जमा करून घेतलं, हातात पेन्सिल दिली. लिहायचं कोणाला होतं?

मग काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं की कार्ड मिळणार नाही, ते डॅमेज्ड आहे. दुरुस्तीच्या यादीत लागलंय. तशाच रंगाचा कागद लावून कोपरा पूर्ण करतील, मग वाचकांना देतील. कधी ते सांगता येणार नाही...

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अहो, तो कोपरा फाटलेला नाही, फाडलेला आहे! कोणी गेल्याचं कळवायचं असलं की कार्डाचा कोपरा फाडून टाकायचे, म्हणजे वाचायच्या आधीच माणूस सावध व्हायचा. असं कार्ड घरात ठेवतसुद्धा नसत. म्हणून तर ते शाळेच्या पेटीत होतं. हे सगळं ऐकून घेऊन ती मुलगी शांतपणे म्हणाली, "पण मॅडम, सिस्टीममध्ये डॅमेज्डच आहे."

तिचीही चूक नाही म्हणा. तिने आयुष्यात पोस्टकार्ड कधी लिहिलं असेल की नाही कोण जाणे. पण तेव्हा मला कॉम्प्युटर उचलून आपटावासा वाटत होता.

इतका वेळ बाकावर बसलेली आत्या उठून काउंटरशी आली. "बाय, नको गो त्याला नीट करू," ती म्हणाली. "माझी आय गेल्याचं कार्ड हाय ते. तुमी कोपरा लावलात तर ते साधं होईल."

आतून त्यांच्या मुख्य मॅडम बाहेर आल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं, परत आत गेल्या आणि पारदर्शक पाकिटातलं ते कार्ड स्वतः घेऊन आल्या.

आजोबांचं सुरेख अक्षर. तुझी आई काल पहाटे गेली, कार्ड मिळताच नीघ, एवढंच. मी उलटून पत्ता वाचला. 'चि. हौसा हिस', खाली गाव, तालुका मुरबाड. बाजूला पोस्टमनचा शेरा, या नावाचे कोणी नाही.

मी विचारलं, आत्या, ही हौसा कोण?

"मी," आत्या म्हणाली.

लग्नात तिचं नाव बदलून सुमन ठेवलं होतं. सासरच्या गावात हौसा नावाची बाई कोणाला माहीतच नव्हती. गावभराचे पत्ते बिनचूक लिहिणाऱ्या मास्तरांनी त्या दिवशी स्वतःच्या मुलीला माहेरच्या नावाने पत्र धाडलं, नवऱ्याचं नावसुद्धा न घालता. कार्ड परत आल्यावर त्यांना आपली चूक दिसली असणारच. आणि ती कबूल करायची सोडून या माणसाने कार्ड शाळेच्या पेटीत दडवलं!

मॅडमनी आमच्यासमोर यादीतला 'खराब' शब्द काढला आणि कोपरा आहे तसाच राहील असा शब्द दिला. त्यांचे मनापासून आभार. विद्यापीठावरचा माझा राग तिथल्या तिथे उतरला, आजोबांवरचा मात्र अजून उतरलेला नाही.

आत्या कितीतरी वेळ पाकिटावरून त्या नावावर बोट फिरवत होती. मग कार्डाकडे बघतच म्हणाली, "एवढंच होतं तर सांगायचं ना रे बाबा... मी हसले असते."